नाक्यावरची मशीन आणि माझ्या काउंटरवरचा माउथवॉश: चालक भावांना खुले पत्र

वणी-मारेगाव-करंजी रस्त्यावर काळीपिवळी, मालवाहू, ट्रॅक्टर आणि कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या सगळ्या भावांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला मेडिकलवाली ताई म्हणून ओळखता. रस्त्याला लागून माझं औषधाचं दुकान आहे. डोकेदुखीच्या गोळीपासून लेकराच्या तापाच्या औषधापर्यंत सगळं तुम्ही माझ्याकडून नेता. संध्याकाळी सात-आठनंतर मात्र आणखी एक मागणी येते. गाडी चालू ठेवूनच कुणीतरी काउंटरपाशी येतो आणि हळूच म्हणतो, "ताई, वास मारणारं काई द्या ना, पुढं मशीन लागली हाये." मशीन म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडायला पोलीस नाक्यावर जिच्यात फुंकायला लावतात ती. कुणी माउथवॉश मागतो, कुणी पुदिन्याच्या गोळ्या, कुणी कोळशाच्या गोळ्या. एकाने तर थेट विचारलं होतं, "मशीन फेल करणारी गोळी येते म्हन्ते, हाये का तुमच्याकडं?"

अशी गोळी नाही. माझ्या दुकानात नाही, नागपूरच्या मोठ्या दुकानात नाही, जगात कुठेच नाही. हे मी फार्मसी शिकलेली बाई म्हणून सांगते. पण इतकी वर्षं मी ते असं स्पष्ट सांगितलं नाही. माउथवॉशची बाटली पुढे केली, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मागच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. दिवस मावळत होता. एक मालवाहूवाला पोरगा आला. तोंडाला वास होता, पण बोलणं सरळ होतं, पाय डगमगत नव्हते. त्याने माउथवॉश घेतला, माझ्याच दुकानासमोरच्या टाकीच्या पाण्याने चूळ भरली आणि निघाला. त्या दिवशी पुढे नाका नव्हताच. तीन-चार किलोमीटरवर वेचणी करून परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेने चालत होत्या. त्यातल्या एकीला त्याची गाडी लागली. ती वाचली, पण तिचा डावा पाय गुडघ्याखाली आता नीट टेकत नाही. मदतीला धावलेल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की त्या पोराच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. ती बाई दर महिन्याला माझ्याकडे औषधं न्यायला येते. मी तिला हे अजून सांगू शकलेले नाही. हे पत्र तीही वाचेल, म्हणजे कळेलच.

तेव्हा आधी ही मशीन काय करते ते सांगते. तुमचा सगळा घोळ इथेच आहे. तुम्हाला वाटतं मशीन वास घेते. म्हणून तुम्ही वास मारायला निघता. कांदा, लवंग, वेलची, विड्याचं पान, खर्रा. पण दारूचा जो उग्र वास आपल्या नाकाला येतो, तो बराचसा तिच्यातल्या इतर पदार्थांचा असतो. निव्वळ अल्कोहोलला फारसा वास नसतो. मशीनला नाकच नाही. ती मोजते ते इथेनॉलचे रेणू, आणि ते तोंडातून येत नाहीत, रक्तातून येतात.

दारू पोटात गेली की काही जठरातून आणि बहुतेक लहान आतड्यातून रक्तात उतरते. तिला पचावं लागत नाही, म्हणून अर्ध्या ते दीड तासात ती अंगभर पसरते. ते रक्त फिरत फिरत फुप्फुसात येतं. तिथे बारीक बारीक वायुकोश असतात आणि त्यांची भिंत इतकी पातळ असते की एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला हवा. माझ्याकडच्या स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडलं की बाटलीत वरच्या रिकाम्या जागेत वाफ साचलेली असते ना, तसंच इथे होतं. रक्तातल्या अल्कोहोलचा काही भाग वाफ होऊन त्या हवेत जातो, आणि किती जातो याचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं आहे. मशीनमध्ये धरलेलं प्रमाण असं: एक लिटर रक्तात जितकं अल्कोहोल, तितकंच २१०० लिटर खोल श्वासात. म्हणून मशीन श्वास मोजून रक्ताचा आकडा सांगू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. श्वासाच्या भाषेत ते लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम होतं, म्हणजे मिठाच्या कणाएवढं. तेवढंही पकडलं जातं.

कसं पकडलं जातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल, कारण मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळण्याआधी आंबवायला ठेवलेली मोहफुलं, तुम्ही पाहिलेला आहे. जास्त दिवस राहिला की तो आंबट होतो. हवेच्या संगतीने अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल होतं, जे सिरक्यात असतं. चांगल्या मशीनमध्ये प्लॅटिनमच्या दोन पत्र्या असतात. तुमच्या फुंकेतलं इथेनॉल त्या पत्रीवर आलं की दिवसांचं तेच काम काही सेकंदात होतं. आम्ल तयार होतं आणि त्या बदलात थोडी वीज सुटते. वीज जितकी जास्त, तितकं अल्कोहोल जास्त. मशीन ती वीज मोजते. या जातीला फ्युएल सेल म्हणतात. जुन्या काळी वेगळी पद्धत होती. अमेरिकेत इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्कनस्टाइन या पोलीस प्रयोगशाळेतल्या माणसाने १९५४ साली केलेल्या यंत्रात नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट असायचं आणि अल्कोहोल आलं की ते हिरवं पडायचं. बारावी सायन्स केलेल्यांनी तो रंगबदल प्रयोगशाळेत पाहिला असेल.

आता तुमचे उपाय एकेक करून बघू. खर्रा, पान, कांदा, पुदिना यांनी वायुकोशातल्या हवेला काहीच होत नाही. तांब्याचा पैसा जिभेखाली ठेवणारेही मी पाहिले आहेत. तांबं थुंकीतून रक्तात जात नाही आणि रक्तातलं अल्कोहोल तांब्याकडे येत नाही. कोळशाच्या गोळ्या काही विषबाधेत खरंच उपयोगी पडतात, म्हणून त्या माझ्याकडे असतात, पण अल्कोहोल हा कोळशाला नीट न चिकटणारा पदार्थ आहे. काळी कॉफी झोप उडवते. पण झोप उडालेला पिलेला माणूस पिलेलाच असतो, फक्त त्याला आपण ठीक आहोत असं वाटतं, आणि हे जास्त धोक्याचं आहे. लिंबूपाणी, आंघोळ, धावून घाम काढणं, ओकारी काढणं: जे रक्तात गेलं ते यातल्या कशानेही बाहेर येत नाही. घाम, लघवी आणि श्वासातून जातं ते फारच थोडं. नव्वद टक्क्यांहून जास्त काम यकृत करतं, आणि यकृत घाई करत नाही.

माउथवॉशचं तर उलटंच आहे. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. चूळ भरून लगेच फुंक मारलीत तर तोंडातलं ते अल्कोहोल रक्तातल्यात मिळून आकडा आणखी चढतो. म्हणजे मी तुम्हाला विकत होते ती वस्तू मशीनसमोर तुमचं नुकसानच करत होती, आणि मशीन नसेल तिथे तुमच्या मनातली उरलीसुरली भीती घालवत होती.

फुंकेच्या युक्त्याही माझ्या कानावर आल्या आहेत. हळू फुंका, अर्धी फुंका, गालातली हवा सोडा. मशीनला श्वासाचा जोर आणि लांबी कळते. फुंक सलग आणि पुरेशी लांब नसेल तर ती नमुना घेतच नाही, कारण तिला शेवटची, फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते. आधी भराभरा श्वास घेतला तर आकडा थोडा उतरतो, हे खरं आहे. पण थोडा म्हणजे साधारण दहावा हिस्सा. दीडशेचे एकशे पस्तीस झाले, मर्यादा तीस. श्वास रोखून फुंकलं तर आकडा वाढतो, हेही ऐकून ठेवा. आणि फुंकायचंच नाही म्हणालात, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ पोलिसांना संशयावरून वॉरंटशिवाय अटक करू देतं. मग डॉक्टरकडे रक्त द्यावं लागतं. तेही योग्य कारणाशिवाय नाकारलं, तर तो नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध धरता येतो. पकडलं गेल्यास कलम १८५ खाली पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी १५ हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दहा हजार म्हणजे किती क्विंटल कापूस, हे मला तुम्हाला सांगायला नको.

पण माझी खरी काळजी दंडाची नाही. मशीन चुकवता आली तरी रक्त तेच राहतं, ही आहे. आणि यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. शेवटचा पेग मारून लगेच निघालात आणि दहा मिनिटांत नाक्यावर फुंकलात, तर पोटातली दारू अजून रक्तात उतरलेलीच नसते. तोंडातलं उरलेलं सोडलं तर आकडा कमी येऊ शकतो. तुम्ही म्हणता, सुटलो. पण वणी येईस्तोवर तो आकडा चढतच असतो. नाक्यावर तुम्ही होतात त्यापेक्षा नाक्याच्या पुढे जास्त पिलेले असता. मारेगावात सरळ बोलणारा माणूस अर्ध्या तासाने वळणावर बैलबंडी उशिरा का पाहतो, याचं उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट सकाळची. पोळ्याच्या करीला रात्री बसता आणि सकाळी सहाला शेतमाल घेऊन निघता. "रातची उतरली ताई, झोप झाली ना." चला, हिशोब मांडू. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात सुमारे ७७ मिलिलिटर, वजनात ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात त्याचा आकडा दीडशेच्या आसपास जाऊ शकतो. पोटभर जेवण असेल तर थोडा कमी. यकृत तासाला साधारण १५ उतरवतं, कुणाचं १०, कुणाचं २०. दहाला बसलात, अकराला संपवून झोपलात, सहाला स्टिअरिंगवर. आठ तासांत गेले १२०. उरले ३०. झोप, आंघोळ, चहा, दात घासणं सगळं होऊनसुद्धा तुम्ही बरोबर कायद्याच्या रेषेवर आहात. दोन क्वार्टर झाल्या असतील तर रेषेखाली यायला दुपारचे चार वाजतील. मोहाच्या पहिल्या धारेचा तर हिशोबच मांडता येत नाही, कारण तिच्यात किती टक्के आहे हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं.

सकाळच्या त्या गाडीत मागे कोण बसलेलं असतं, आठवा. शाळेत जाणारी लेकरं, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया, दवाखान्यात नंबर लावायला निघालेले म्हातारे. रात्री पिऊन चालवणाऱ्याला लोक निदान ओळखून बाजूला होतात. सकाळी न्हाऊन, गंध लावून बसलेल्या चालकावर कुणी शंका घेत नाही.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, कारण तुमच्या सगळ्याच तक्रारी खोट्या नाहीत. माझे वडील गेली काही वर्षं भूक लागावी म्हणून द्राक्षासव घेतात. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावलेला नाही. एकदा जेवणाआधी दोन मोठे चमचे घेऊन ते मोपेडवर निघाले आणि पाच मिनिटांत नाक्यावर त्यांना फुंकायला लावलं. मशीन वाजली. चारचौघांत म्हातारा माणूस लाजेने लाल झाला. मी धावत गेले. आसव-अरिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलं असतं, साधारण पाच ते दहा टक्के. मी तिथल्या अंमलदारांना म्हटलं, साहेब, तोंडात औषध आहे, वीस मिनिटं थांबून परत घ्या. ते थांबले, मी वडिलांना पाण्याची चूळ भरायला लावली, आणि दुसऱ्या फुंकेला आकडा शून्य आला. दोन चमच्यांतलं सगळं अल्कोहोल रक्तात गेलं तरी आकडा दहाच्या वर जात नाही. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, सॅनिटायझर लावलेला हात नळीजवळ आला तरी असंच होऊ शकतं. तोंडातलं अल्कोहोल पंधरा मिनिटांत विरतं, रक्तातलं विरत नाही. खरा आणि खोटा आकडा वेगळा करायला यापेक्षा सोपी कसोटी नाही.

म्हणून तुम्ही काही घेतलेलं नसेल आणि मशीन वाजली, तर भांडू नका, पळू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसरी फुंक घ्या म्हणा. नवी नळी मागा, कारण दुसऱ्याच्या तोंडातली नळी घेणं हे आरोग्यासाठीही वाईट आहे. आकडा दाखवा म्हणा, पावती निघत असेल तर बघा. तरीही पटलं नाही तर रक्ततपासणी मागा. कायद्यात रक्ताचा नमुना अटकेपासून दोन तासांच्या आत घ्यायचा असतो, म्हणून वेळ घालवू नका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये प्लॅटिनम नसतं, गरम केलेला एक संवेदक असतो आणि तो अल्कोहोलशिवाय इतर वाफांनाही फसतो. मधुमेहाच्या काही रोग्यांच्या श्वासात अॅसिटोन असतं, त्यावरही अशी मशीन वाजू शकते. चांगली मशीनही ठराविक मुदतीने तपासून घ्यावी लागते. नाक्यावर उभ्या असणाऱ्या साहेबांनाही माझी हात जोडून विनंती आहे. पंधरा मिनिटं थांबण्याची जागा आणि प्रत्येकाला नवी नळी, एवढं केलंत तर आमच्या पोट्ट्यांचं "मशीन खोटी हाये" हे म्हणणं आपोआप बंद पडेल. जोवर एखाद्या न पिणाऱ्याची अशी फजिती होते, तोवर पिणारा प्रत्येक जण तीच गोष्ट पारावर सांगून सुटतो.

आपला भाग काही दारूचा नवा नाही. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, त्या वर्षांत पलीकडून इकडे येऊन पिऊन परत जाणाऱ्या गाड्या मी काउंटरवरून पाहिल्या आहेत. कोण पितं आणि का पितं, यावर मी इथे बोलत नाही. वावरात दिवसभर राबून, कोळशाच्या धुळीत बारा-बारा तास गाडी हाकून माणूस थकतो, हे मला माहीत आहे. माझा भाऊही मालवाहू चालवतो. माझं बोलणं फक्त चावीपुरतं आहे.

तर माझ्याकडून काय होणार आहे ते सांगते. या सोमवारपासून, तोंडाला वास असलेल्या आणि हातात गाडीची चावी असलेल्या कुणालाही मी माउथवॉश, पुदिन्याच्या किंवा कोळशाच्या गोळ्या देणार नाही. राग येईल, येऊ द्या. पुढच्या दुकानात मिळेल, म्हणाल. मिळेलही. पण ती माझ्या हातून जाणार नाही.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. करीच्या आणि लग्नाच्या दिवशी स्टँडवरच्या गाड्यांची पाळी आदल्या रात्रीच ठरवा. जो प्यायला बसणार आहे त्याची सकाळची फेरी न पिणाऱ्याला द्या आणि त्या फेरीचे पैसे बसणाऱ्याला पुढच्या आठवड्यात परत फिरवा. तुम्ही आजारपणात एकमेकांच्या फेऱ्या सांभाळताच, तसंच हे. आणि दुसरी, कुणाला रस्त्यातच कळलं की आपल्याच्याने होत नाही, तर गाडी माझ्या दुकानासमोर लावा. मागच्या पडवीत खाट आहे, उन्हाळ्यात कूलर आहे. मालाची काळजी असेल तर शटरला कुलूप लावून आत ठेवू. चावी माझ्याकडे द्या. रात्री कितीही वाजता शटर वाजवलंत तरी चालेल, घर वरच आहे, मी किंवा वडील खाली येऊ. घरी फोन करून सांगायचं असेल तर मी सांगेन, वहिनीला काय बोलायचं ते मला येतं.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती बाई औषधं न्यायला येते. दुपारी तीनच्या सुमारास, काठी टेकत. तुमच्यापैकी ज्याची फेरी त्या वेळी रिकामी असेल, त्याने तिला परत गावापर्यंत सोडून द्यावं. भाडं मी देईन.

तुमची,
मेडिकलवाली ताई